चपला काढून, भर दुपारी

सर,

तुम्ही गेल्यानंतर या शहरात एक मोठी सुधारणा झाली आहे. आता सगळ्यांना सगळ्याची नावं माहीत असतात. परवा टीव्हीवर एक मुलगी ओढणीने डोकं गुंडाळून लकडी पुलाच्या तोंडाशी उभी होती आणि दर दोन वाक्यांमागे सांगत होती की सूर्य आग ओकतोय. मागून एक गृहस्थ हात हलवून टीव्हीत दिसायची हौस भागवून घेत होते. तुम्ही तिथून सायकलवरून जात असतात तर नक्की उतरला असतात. सायकल स्टँडला लावून, शांतपणे, कुणाची घाई नसल्यासारखं म्हणाला असतात, "अहो बाई, सूर्य काही ओकत नाही. तो पंधरा कोटी किलोमीटरवर आहे आणि त्याची प्रकृती उत्तम आहे. ओकतेय ती तुमच्या पायाखालची जमीन. तिची बातमी द्या." आणि उत्तराची वाट न बघता निघून गेला असतात. मी टीव्ही बंद केला आणि तेव्हापासून माझं डोकं तापलेलंच आहे. ते खालून तापलं की वरून, हे तुम्ही ठरवा.

मी हल्ली वारज्याला राहते. बारा मजली सोसायटी आहे, दोन विंग, प्रत्येक खिडकीखाली एसीचं एक खोकं, आणि प्रत्येक खोकं शेजाऱ्याच्या खिडकीकडे तोंड करून. उष्णता नाहीशी करणारं यंत्र अजून निघालेलं नाही. ती शेजाऱ्याकडे पाठवणारं निघालं आहे, आणि ते आम्ही हप्त्यावर घेतलं आहे. मी पायलट वगैरे काही झाले नाही. लोकांना बोचेल असं लिहून पोट भरते. लोक वाचतात, हसतात, आणि त्यांना वाटतं की ते शेजाऱ्याबद्दल आहे. म्हणजे माझाही धंदा एसीचाच.

तुम्ही वेधशाळेत नोकरीला होतात आणि शनिवार-रविवार शहराच्या पूर्वेच्या मैदानावर ग्लायडर शिकणाऱ्या आम्हा पोरांना हवामान शिकवायचात. आम्ही कॉलेजातली मुलं, त्यात मुलगी मी एकटी. इंजिन नसलेलं विमान विंचच्या, म्हणजे जमिनीवरच्या यांत्रिक रहाटाच्या, दोराने वर ओढायचं, दोर सोडायचा, आणि मग वर जाणारी हवा सापडली तर राहायचं, नाही तर उतरायचं. म्हणजे हवा कुठे वर जाते आणि कुठे खाली बसते हे कळणं, एवढाच काय तो तिथला सगळा उद्योग. ते शिकवायला फळा होता, खडू होते, हँगरमध्ये पंखाही होता. तुम्ही फळ्याकडे ढुंकून बघितलं नाहीत. पहिल्याच दिवशी, एप्रिलातल्या दुपारी, आम्हाला हँगरसमोरच्या काँक्रीटवर नेलंत आणि म्हणालात, "चपला काढा." आम्ही एकमेकांकडे बघितलं. "बूटवाल्यांनी बूट काढा. सक्ती नाही. पण ज्याच्या पायात चपला, त्याला प्रश्न नाहीत. माझ्या वर्गाचा एवढा एकच नियम."

मी अजूनही ते काँक्रीट तळव्यांनी सांगू शकते. आम्ही नाचतोय, तुम्ही अनवाणी शांत उभे. मग तिथून मुरुमावर, मुरुमावरून वाळलेल्या गवतावर, गवतावरून नळाशेजारच्या ओल्या चिखलात, जिथे पाय टेकल्यावर एका जाड्या मुलाने इतका मोठा सुस्कारा सोडला की कुत्रं उठून बसलं. आणि तुम्ही विचारताय, "ऊन चारही ठिकाणी तेवढंच पडतंय ना? का कुणी वशिला लावलाय?" मग एकेक गोष्ट उलगडता. ऊन हवेतून जवळजवळ आरपार येतं, काचेतून यावं तसं. जाता जाता हवेला फारसं काही देत नाही. तापते ती जमीन, आणि प्रत्येक जमीन आपापल्या स्वभावाप्रमाणे. चिखलावर पडलेलं ऊन पाणी सुकवण्यात खर्च होतं, म्हणून तो गार. काँक्रीटकडे सुकवायला काही नाही, म्हणून ते तापत बसतं. मग जमिनीला चिकटलेली हवा जमिनीमुळे तापते, तीही पातळशा थरापुरती, कारण उष्णता पुढच्याला देण्याच्या बाबतीत हवा अत्यंत कंजूष. तापली की हलकी होते, हलकी झाली की सुटते वर, आणि तिच्या जागी बाजूची, वरची गार हवा खाली येते. "आमटी," तुम्ही म्हणायचात. "आमटी खालून उकळते. आता मला सांगा, गॅस कुठाय?" सगळ्यांनी वर बोट केलं. तुम्ही खाली बघितलंत, आमच्या पायांकडे.

त्याच दिवशी मला माझं पहिलं बक्षीस मिळालं. तुम्ही विचारलंत की या सगळ्याला काय म्हणायचं, आणि मी, शाळेत पहिल्या बाकावर बसलेली, चटकन म्हणाले, "अभिसरण." तुम्ही मान हलवलीत. मला वाटलं, शाबासकी येतेय. "वा. बारसं छान केलंत," तुम्ही म्हणालात. "आता मूल दाखवा." मुलं हसली. मला इतका राग आला की घरी जाऊन मी जेवले नाही. आई म्हणाली, कोण ते सर, त्यांना मुली बघवत नाहीत का. मी म्हटलं, त्यांना कुणीच बघवत नाही. हा माझा तुमच्याबद्दलचा पहिला विनोद, आणि तो तुम्हाला ऐकवायचं धाडस मला कधी झालं नाही.

हे सगळं आज काढायचं कारण माझी लेक. ती विमान शिकतेय. खरं, इंजिनवालं. पुण्याहून दोन-तीन तासांवर, उसाच्या पट्ट्यात एक धावपट्टी आहे, तिथे हॉस्टेलला राहते. त्याआधी कोथरूडला क्लास लावून लेखी परीक्षा दिल्या, आणि हवामानाच्या पेपरात तिला इतके मार्क पडले की मी पेढे वाटले. पेढे वाटण्याआधी एक प्रश्न विचारायला हवा होता. तो मी गेल्या महिन्यात विचारला, ती चार दिवस सुट्टीला आली तेव्हा. जेवताना सहज म्हणाली, "परवा थोडं स्केअरी झालं, आई. लँडिंगला येत होते, रनवे समोर, आणि प्लेन एकदम खाली बसलं. लिफ्टसारखं. सरांनी कंट्रोल घेतले."

माझा घास हातात. "का बसलं खाली?"

"सिंक होता."

"म्हणजे?"

"म्हणजे... सिंक. डाउनड्राफ्ट. दुपारी असतो."

"का असतो?"

"कन्व्हेक्शन असतं ना, आई. कन्व्हेक्टिव्ह टर्ब्युलन्स."

"म्हणजे काय होतं?"

ती जरा विचार करून म्हणाली, "म्हणजे प्लेन हलतं."

मी आणखी एक प्रश्न विचारून बघितला. म्हटलं, उंच गेलं की सूर्याच्या जवळ जातो आपण, मग वर गार का? "लॅप्स रेट," ती कोशिंबीर वाढून घेत म्हणाली. उत्तर चुकलेलं नव्हतं. एकही उत्तर चुकलेलं नव्हतं. बरोबर उत्तरांचा एवढा राग मला आयुष्यात कधी आला नव्हता. माझ्या ताटासमोर बारशांची पंगत बसली होती आणि एकाही पाळण्यात मूल नव्हतं. आणि ही मुलगी म्हणतेय की अजून दोन-तीन आठवड्यांत तिचा सोलो आहे. म्हणजे शेजारची खुर्ची रिकामी. म्हणजे त्याच धावपट्टीच्या अलीकडे विमान पुन्हा खाली बसलं, तर कंट्रोल घ्यायला कुणी नाही.

"तू क्लासमध्ये जाऊन भांडू नकोस हं," ती म्हणाली. तिला आई माहीत आहे. दुसऱ्या दिवशी ती झोपेतून उठायच्या आत मी कोथरूडला पोचले. क्लास एका फरसाणाच्या दुकानाच्या वर आहे. जिन्यात बाकरवडीचा वास आणि भिंतीवर पास झालेल्या मुलांचे फोटो, टोप्या घातलेले, माझी लेकही त्यात. तिथले सर तिशीतले, नम्र, एसीत बसलेले. मी त्यांना तुमचा प्रश्न विचारला. ऊन सारखंच पडतं, मग एक जागा तापते आणि एक का नाही? ते हसले. "मॅडम, एक्झामला लॉजिक विचारत नाहीत. ऑप्शन विचारतात. आमची ट्रिक आहे. हीटिंगचा क्वेश्चन आला की ज्या ऑप्शनमध्ये जमीन हा शब्द असेल तो टिक करायचा. शंभर टक्के बरोबर येतं."

"आणि वर, हवेत? तिथे कोणता ऑप्शन टिक करायचा?"

"ते फ्लाइंगमध्ये शिकवतात."

"फ्लाइंगवाले म्हणतात, ते क्लासमध्ये शिकवतात."

"मग झालं ना, मॅडम," ते अगदी मनापासून म्हणाले, "दोन्हीकडे कव्हर होतं."

लोक मला जिभेसाठी पैसे देतात, आणि त्या माणसाने ती एका वाक्यात काढून घेतली. खाली येऊन पाव किलो बाकरवडी घेतली आणि स्कूटरवर बसून तुम्हाला शिव्या दिल्या. हो, तुम्हाला. त्या पोराला काय देणार, त्यालाही कुणीतरी असंच शिकवलं असणार. पण तुम्ही काही म्हणता काही लिहून ठेवलं नाहीत. एक पुस्तक नाही, एक टिपण नाही. मी एकदा म्हटलं होतं, सर, हे छापायला हवं. तर म्हणालात, "छापलं की लोक खुर्चीत बसून वाचतात." मग गेलात, वर्तमानपत्रात कोपऱ्यात बारीक फोटो आला, वेधशाळेतले माजी अधिकारी वगैरे, आणि तुमच्याबरोबर ती सगळी तापलेली जमीन गेली. कोथरूडच्या त्या खोलीत आज तुमच्या विषयाची जी काय अवस्था आहे, त्यात तुमचाही हात आहे. हे मी तुमच्या तोंडावर म्हटलं असतं. बहुतेक.

त्या स्कूटरवर मला घार आठवली. ग्लायडरवाले घारीकडे बघतात हे तुम्हीच शिकवलंत: पंख न हलवता घार गोल गोल वर चढत असेल तर तिच्याखाली जमीन तापलेली आहे, तिथे जा, फुकटची हवा आहे. मी एकटीने उडवायला लागल्याला फार दिवस झाले नव्हते. दोर सोडला, उंची हळूहळू कमी होतेय, आणि पूर्वेला एक नाही, दोन नाही, घारींचा अख्खा थवा. मी आनंदाने तिकडे वळले. गेले तर हवा मेल्यासारखी. एक घेरा घेतला, दुसरा घेतला, उंची जातेच आहे, आणि खाली बघते तर ओला कचरा. शहराचा सगळा ओला कचरा तिथे आणून टाकत होते आणि घारी पंख मारत, झडप घालत, त्यावर तुटून पडल्या होत्या. पंख हलताहेत हे मी बघितलंच नव्हतं. मी घार हा शब्द बघितला होता. मैदानापर्यंत परत येणं शक्य नव्हतं. कुंपणाबाहेरच्या एका कापणी झालेल्या शेतात उतरले, जरा आपटत, पण अख्खी.

ग्लायडरच्या पंखाला टेकून बसले होते, आणि बऱ्याच वेळाने तुम्ही शेतातून येताना दिसलात, एकटे. आधी ग्लायडरभोवती एक चक्कर मारलीत. पंख बघितलेत, शेपूट बघितलीत, चाक बघितलंत. मग माझ्याकडे वळलात. "अहो, त्या घारी जेवायला आल्या होत्या," तुम्ही म्हणालात. "आपण कशाला गेलात?" पुढे कितीतरी महिने मैदानावर मी डबा उघडला की मुलं विचारत, काय, घार का? मी त्यावर मोठ्याने हसायला शिकले. माझं सगळं लिखाण त्याच हसण्यातून निघालं असावं.

तर मी घरी आले, बाकरवडी लेकीसमोर ठेवली आणि म्हटलं, दुपारी दोनला गच्चीवर यायचं आहे. ती म्हणाली, "दोनला? सनस्ट्रोक होईल." मी म्हटलं, मग बाकरवडी खाऊन घे.

आमच्या गच्चीला कुलूप असतं. किल्ली सेक्रेटरींकडे. ते बँकेतून निवृत्त झालेले, बी विंगमध्ये सगळ्यात वरच्या मजल्यावर राहतात, आणि गच्ची ही त्यांनी काढलेली शेवटची शाखा आहे अशा थाटात सांभाळतात. दार उघडून म्हणाले, "गच्चीचा वापर असेल तर अर्ज करा."

"करते. कारण काय लिहू?"

"जे असेल ते लिहा."

"जमीन किती तापली आहे ते बघायचं आहे."

"ही जमीन नाही. सामायिक मालमत्ता आहे."

"मग सामायिक मालमत्ता किती तापली आहे ते बघायचं आहे. चपला काढून."

त्यांनी माझ्याकडे चष्म्यावरून बघितलं. मी लिहिते हे त्यांना माहीत आहे आणि आपण त्यात येऊ अशी त्यांना कायमची धास्ती आहे. ते किल्ली घेऊन स्वतःच आले. आमच्यावर लक्ष ठेवायला.

आता या गच्चीची एक हकीकत आहे, ती ऐकून तुम्हाला बरं वाटेल. दोन वर्षांपूर्वी ठराव आला की गच्चीला पांढरा रंग द्यायचा, ऊन परतवणारा, म्हणजे वरच्या मजल्यावरची घरं गार राहतील. ए विंगने मंजूर केला. बी विंगने विरोध केला. मुद्दा असा की ऊन सगळ्यांवर सारखं पडतं, तर गारवा वरच्यांनाच का? सभा तीन वेळा मोडली. शेवटी ए विंगने आपल्यापुरता रंग दिला. म्हणून आमची गच्ची अर्धी दुधासारखी पांढरी आणि अर्धी डांबरी, काळी, मधोमध सुतात धरल्यासारखी रेघ. जगातल्या कुठल्याही विद्यापीठाने खर्च करून एवढी उत्तम प्रयोगशाळा बांधली नसती. ती बांधायला भांडणच लागतं, आणि ते आमच्याकडे मुबलक आहे.

"चपला काढ," मी म्हटलं.

"आई, सिरियसली?"

"सक्ती नाही. पण ज्याच्या पायात चपला, त्याला प्रश्न नाहीत." वाक्य तोंडातून निघालं आणि माझाच आवाज मला जरा जाड वाटला.

तिने काढल्या. पांढऱ्यावर उभी राहिली. चटका, पण सोसण्यासारखा. मी तिला रेघेपलीकडे जायला सांगितलं, आणि ती काळ्यावर एक पाऊल टाकून किंचाळत परत आली. सेक्रेटरी म्हणाले, हळू, खाली लोक झोपलेत. मग मी कोपऱ्यातली बादली काळ्यावर ओतली. दोन-तीन मिनिटं थांबलो. त्या ओल्यावर ती गेली तेव्हा किंचाळली नाही, नुसती उभी राहिली. मी काहीच बोलले नाही. हे मोठं अवघड असतं सर, गप्प राहणं. तुम्हाला कसं जमायचं कोण जाणे. तिने एकदा पांढऱ्याकडे, एकदा काळ्याकडे, एकदा पायाखालच्या पाण्याकडे बघितलं. मग काळ्यावर हात आडवा धरला, घोट्याएवढ्या उंचीवर, मग गुडघ्याएवढ्या, मग कमरेएवढ्या, चुलीचा अंदाज घ्यावा तसा. "वर येतंय," ती म्हणाली. "इथून येतंय. ओल्यावरून नाही येत."

"ऊन?"

"ऊन सारखंच आहे."

मी तिला तेव्हा घारीची गोष्ट सांगितली. ती इतकी हसली की ओल्या डांबरावर बसलीच. आणि मग हसता हसता थांबली. फोन काढला, त्यावर वरून घेतलेला धावपट्टीचा नकाशा उघडला आणि बोटांनी मोठा केला. तो चेहरा मी पाळण्यापासून ओळखते. त्यावर काहीतरी चढत होतं. "हे बघ. इथे सगळं नांगरलेलं आहे. काळी माती, कोरडी. इथे प्लेन उचललं जातं, मी जरा हाय येते, म्हणून पॉवर कमी करते. आणि लगेच इथे..." तिने बोट सरकवलं. धावपट्टीच्या अगदी अलीकडे हिरवा, ओला, चौकोनी ऊस आणि त्याच्या कडेने कालवा. "म्हणजे मी पॉवर कमी करते तेव्हाच नेमका ऊस येतो. वर जाणारी हवा संपते, खाली येणारी सुरू होते. आणि मी आधीच पॉवर काढून बसलेली असते. आई, सिंक नुसता दुपारी असतो असं नाही. तो तिथेच असतो."

नावाच्या मागून मूल आलं. आपण होऊन, अनवाणी.

सेक्रेटरी इतका वेळ सावलीला उभे होते. त्यांनी घसा खाकरला. "एक विचारू का?" मी त्यांच्या पायांकडे बघितलं. त्यांनीही बघितलं. मग जरा वेळ घेऊन, आजूबाजूला कुणी नाही याची खात्री करून, त्यांनी चपला काढल्या आणि रेघेवरून काळ्यावर पाऊल टाकलं. तोंडातून बँकेत कधी काढला नसेल असा शब्द निघाला. "हे माझ्या बेडरूमच्या वर आहे?" ते म्हणाले. "दिवसभर?" मी म्हटलं, रात्रीसुद्धा, दिवसभर घेतलेलं रात्री खाली सोडतं, तुमच्या पंख्याला. पुढच्या सभेत बी विंगकडून एक ठराव येणार आहे असं ऐकते. सूचक कोण ते सांगत नाही. त्यांना धास्ती आहे.

आता सोलोच्या दिवसाबद्दल. तुमची आणखी एक पद्धत होती. ज्याचा सोलो, त्याच्यासमोर तुम्ही उड्डाणाआधी नव्या रबरी चपला ठेवायचात, निळ्या पट्ट्याच्या, अगदी साध्या. माझ्यासमोरही ठेवल्यात. "घाला," म्हणालात. "आता मला काही विचारायचं नाही. आता विचारायचं ते हवेला." दुसरं काही नाही. शुभेच्छा नाहीत, पाठीवर हात नाही. मला तेव्हा वाटलं होतं, काय रूक्ष माणूस आहे. त्या चपला मी पट्टा तुटेपर्यंत वापरल्या.

लेक परत जायला निघाली तेव्हा मी तशाच निळ्या पट्ट्याच्या आणून तिच्यासमोर ठेवल्या. ती म्हणाली, "आई, शूज कम्पल्सरी असतात." आणि त्या दारात ठेवून गेली. तिचं बरोबर आहे. मी काही बोलले नाही. हल्ली मला ते जमतं.

आज सकाळी सोलो होता. सकाळ म्हणजे सातला, जेव्हा रात्रभर गार झालेली जमीन अजून उठलेली नसते, हवा तळाशी जड होऊन पडलेली असते आणि विमान दुधावरून सरकावं तसं जातं. पण एका विमानाचं चाक बसलं, रांग लागली, आणि साडेअकराला तिचा मेसेज आला, 'आता सरांबरोबर एक राउंड, मग मी.' साडेअकराला, एप्रिलात, नांगरलेल्या काळ्या मातीवर. मी इतकी संतापले की कुणावर तेच कळेना. विमानावर, चाकावर, त्या इन्स्ट्रक्टरवर, क्लासवर, ऊस लावणाऱ्यावर, ज्याने हवा केली त्याच्यावर. फोन करायचा नाही हे कळत होतं. सेक्रेटरींनी काही न विचारता किल्ली दिली. अर्ज नाही, काही नाही. मी गच्चीवर जाऊन काळ्या अर्ध्या भागावर उभी राहिले. पलीकडे कोथरूडच्या बाजूला एक घार फिरत होती. मी आधी तिचे पंख बघितले. हलत नव्हते.

एकला फोन आला. मागे मुलांचा गोंगाट, कुणीतरी तिच्या डोक्यावर बादली ओतलेली, तशी तिकडची रीत आहे. "झालं, आई."

"ऊस?"

"आला ना. वेळेवर आला." ती पाण्यातून हसत होती. "काळ्या मातीवर उचललं, मी पॉवर फार काढलीच नाही. ऊस आला तेव्हा थोडी वाढवली. टच एकदम बटर. इन्स्ट्रक्टर सर म्हणाले, तुला कसं कळलं आधीच? मी म्हटलं, आमच्या बी विंगकडून."

ती आणखी काय काय सांगत होती. मी ऐकत होते, पण मला दिसत होतं ते शेत, ज्यात मी त्या दिवशी उतरले होते. तुम्ही बांधावरून येताय. आम्ही वर असलो की तुम्ही कायम विंचपाशी अनवाणी उभे असायचात, आणि आम्ही म्हणायचो, म्हातारा जमीन मोजतोय. तसेच आला होतात, अनवाणी, एवढं अंतर, बांधावरच्या बाभळींचे काटे पडलेल्या शेतातून. ग्लायडरभोवती चक्कर मारताना तुम्ही लंगडत होतात. घारींचं वाक्य बोलून झाल्यावर एका हाताने पंख धरून दुसऱ्या हाताने टाचेतला काटा काढलात, मग दुसऱ्या पायातला, आणि तो काही केल्या चिमटीत येईना. मी हे सगळं तेव्हा बघितलं होतं, सर. माझं सगळं लक्ष त्या वाक्याकडे होतं, आणि ते मी आयुष्यभर लोकांना हसून सांगत आले. पायांचं कुणाला सांगितलं नाही. त्यात हसण्यासारखं काही नव्हतं.

तुम्हाला विचारायचं होतं की आम्ही वर असताना विंचपाशी चपला का घालत नव्हतात. खरंच जमीन बघत होतात का. पण हे पत्र तुम्हाला पाठवण्याची काही सोय नाही, आणि असती तरी मी पाठवलं नसतं, कारण मला विचारायचा अधिकार नाही. आज त्या गच्चीवर मी तिच्याच नव्या, निळ्या पट्ट्याच्या चपला घालून उभी होते.